रिकामी होती

मी सोळा वर्षांची असताना माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीवर बंदूक रोखली होती.

वाक्य असं लिहिलं की भयंकर वाटतं, म्हणून पुढचंही लगेच सांगते. बंदूक म्हणजे एअर रायफल होती. तिच्यात पेलेट नव्हतं. माझं बोट ट्रिगरवर नव्हतं. मैत्रिणीची माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे तिला हे सगळं घडून गेल्यावरच कळलं. कुणालाही साधा ओरखडाही आला नाही.

तरीही मला सहा आठवडे रेंजवर यायची बंदी झाली. त्याच सहा आठवड्यांत जिल्ह्याची निवड चाचणी होऊन गेली. वर्षभर पहाटे पाचला उठून केलेला सराव पाण्यात गेला. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली, पण त्या दिवशी मनात आलेला प्रश्न काही गेलेला नाही. ज्या कृतीने कुणाचंच काही बिघडलं नाही, ती चूक कशी? आणि चूक असलीच, तर केवढी?

आमची रेंज म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं जुनं गोडाऊन. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, पाच लेन. एका टोकाला टेबलं, बरोबर दहा मीटरवर टार्गेटच्या चौकटी. ज्यांनी हा खेळ फक्त ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते, दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. वहीत पेनाने टिंब द्यावं तेवढा. त्यावर साडेचार मिलिमीटर जाडीचं शिशाचं पेलेट मारायचं, सव्वा तासात साठ वेळा. या खेळात शक्तीपेक्षा थांबण्याला जास्त किंमत आहे. श्वास थांबवायचा, विचार थांबवायचे आणि नेम जमला नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची.

मोठ्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात, नाहीतर चक्री फिरवून कागदी कार्ड आपल्यापर्यंत आणता येतं. आमच्याकडे तेव्हा यातलं काही नव्हतं. कार्ड बदलायला चालत पुढे जावं लागे. म्हणजे दर थोड्या वेळाने, जिकडे आम्ही नेम धरायचो तिकडेच आमच्यातलं कुणीतरी उभं असायचं.

त्यामुळे पद्धत कडक होती. सरांनी "स्टॉप" म्हटलं की अर्धवट धरलेला नेमही सोडून द्यायचा. "अनलोड" म्हटलं की रायफल रिकामी करायची, लिव्हर उघडी ठेवायची, नळीत सेफ्टी फ्लॅग घालायचा. फ्लॅग म्हणजे झेंडा नव्हे, नारिंगी रंगाची नायलॉनची दोरी. ती चेंबरमधून आत जाते आणि नळीच्या तोंडातून बाहेर दिसते. दोरी आरपार गेली याचा अर्थ आत काही नाही, आणि हे लांब उभ्या असलेल्या माणसालाही न विचारता कळतं. मग रायफल टेबलावर, तोंड टार्गेटकडे. सगळ्यांनी फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे यायचं. सर पाचही टेबलांवरून नजर फिरवणार आणि मगच म्हणणार, "पुढे जा."

पुढे माणूस असेपर्यंत मागे कुणीही रायफलला हात लावायचा नाही. पुसायला नाही, साइटचा स्क्रू फिरवायला नाही, टेबलावरून घसरतेय म्हणून सरळ करायलासुद्धा नाही.

त्या दिवशी मी फ्लॅग लावायला विसरले. दहाची सिरीज संपवून पाणी प्यायला गेले. परत आले तर मैत्रीण दोन नंबरच्या लेनमध्ये पुढे कार्ड लावत होती. माझी लेन तीन नंबरची. रायफल क्लबची होती, आम्ही तिघीजणी आळीपाळीने वापरायचो, आणि त्या सकाळीच तिला नवी साइट बसवली होती. ती कशी दिसते हे बघायची मला घाई झाली होती. मी रायफल उचलली, खांद्याला लावली आणि माझ्या टार्गेटकडे वळवली. वळवताना नळीचं तोंड मैत्रिणीच्या पाठीवरून गेलं. अर्धा सेकंद असेल.

"स्टॉप!"

हा आवाज सरांचा नव्हता. फरशीवरची पेलेटं झाडायला येणाऱ्या मामांचा होता. हातात केरसुणी, आणि गोडाऊन घुमेल एवढा आवाज. मी जागच्या जागी थिजले. सर दारातून आत आले, फोन अजून कानाशीच होता. त्यांनी माझ्या हातातून रायफल घेतली, तोंड टार्गेटकडे केलं, लिव्हर उघडून आत बघितलं.

"रिकामी होती, सर," मी म्हणाले.

"ते मला आत्ता कळलं," ते म्हणाले. "तुला कधी कळलं?"

"मला आधीपासून माहीत होतं."

"कधीपासून?"

मी उत्तर दिलं नाही. शेवटचा शॉट मारला तेव्हापासून, हे खरं उत्तर होतं. पण त्यानंतर मी दहा मिनिटं टेबलापाशी नव्हते. ती रायफल वापरणाऱ्या आणखी दोघी तिथेच होत्या. म्हणजे माझं 'माहीत होतं' दहा मिनिटं जुनं होतं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, तशी आपल्या माहितीवर नसते. आपण ती ताजीच धरून चालतो.

*

बंदूक हाताळायला शिकवणारे जगभर जे चार नियम सांगतात ते जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावाने ओळखले जातात. तो अमेरिकेच्या मरीन दलातला माजी अधिकारी. 1976 साली त्याने ॲरिझोनात प्रशिक्षण केंद्र काढलं. नियम साधे आहेत. पहिला, प्रत्येक बंदूक नेहमी भरलेली असते. दुसरा, जे नष्ट करायची तुमची तयारी नाही त्यावरून नळीचं तोंड फिरू देऊ नका. तिसरा, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. चौथा, टार्गेट काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा.

दुसरा, तिसरा, चौथा या सूचना आहेत. पहिला मात्र विधान आहे, आणि ते उघड उघड खोटं आहे. प्रत्येक बंदूक भरलेली नसते. दुकानातली नसते, कपाटातली नसते, त्या दिवशी माझ्या हातातलीही नव्हती. सोळाव्या वर्षी मला हेच खटकलं होतं. ज्या शिस्तीचा पाया खोट्या वाक्यावर आहे ती मी का मानायची? "भरलेली आहे असं समजा" एवढंच का म्हणत नाहीत?

आता वाटतं, 'समजा' या शब्दातच पळवाट आहे. 'समजा' म्हटलं की मनात दोन खाती उघडतात. एकात नियम, दुसऱ्यात 'खरं तर'. खरं तर रिकामी आहे, पण आपण समजायचं. आणि घाई असेल, कंटाळा आला असेल, कुणी बघत नसेल, तेव्हा माणूस 'खरं तर'च्या खात्यातून पैसे काढतो. पहिला नियम ते दुसरं खातंच बंद करून टाकतो. बंदुकीत काय आहे हे तो सांगत नाही. 'मला माहीत आहे' या माझ्या भावनेची किंमत किती, हे तो सांगतो. ती किंमत शून्य.

कारण रिकाम्या बंदुकीने माणूस मरत नाही. 'रिकामी आहे' असं खात्रीने वाटणाऱ्या बंदुकीने मरतो. खात्री नसती तर तो सांभाळूनच वागला असता.

याचं अलीकडचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. 21 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये 'रस्ट' या सिनेमाच्या सेटवर अभिनेता ॲलेक बाल्डविन तालीम करत होता. हातातलं रिव्हॉल्व्हर 'कोल्ड' आहे, म्हणजे त्यात जिवंत गोळी नाही, असं सेटवर सांगितलं गेलं होतं. त्यातून गोळी सुटली. सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली, दिग्दर्शक जखमी झाला. सेटवरची शस्त्रं सांभाळणारीला 2024 मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी रद्द झाला, सरकारी पक्षाने पुरावा बचाव पक्षाला दाखवला नव्हता या कारणाने.

कोर्टाचं बाजूला ठेवू. मला त्या साखळीचा विचार छळतो. एकाला वाटलं दुसऱ्याने तपासलंय, दुसऱ्याला वाटलं तिसऱ्याने. प्रत्येकाकडे विश्वास होता आणि कुणाकडेच माहिती नव्हती. एक शब्द हातोहात पुढे सरकत गेला आणि वाटेत कुणीही तो उघडून बघितला नाही.

*

कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या पेपरला विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा 1877 सालचा निबंध नेमलेला होता, 'श्रद्धेची नीती' अशा अर्थाच्या नावाचा. त्यातली गोष्ट वाचताना मी वर्गात अवघडून बसले होते.

एका जहाजमालकाचं जहाज जुनं झालंय. ते परदेशी निघालेल्या कुटुंबांना घेऊन समुद्रात जाणार आहे. मालकाच्या मनात शंका येते. तपासून घ्यावं, दुरुस्त करावं. पण खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो. आजवर इतक्या फेऱ्या झाल्या, इतकी वादळं पचवली, देव काय या माणसांना वाऱ्यावर सोडेल? हळूहळू त्याला खरोखरच वाटायला लागतं की जहाज ठणठणीत आहे. तो हसतमुखाने निरोप देतो. जहाज बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो आणि गप्प राहतो.

क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंना जबाबदार आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तो बाळगायचा त्याला हक्क नव्हता, कारण त्याने तपास करून तो कमावलेला नव्हता, शंका दाबून मिळवला होता.

इथवर सगळे मान हलवतात. मग तो गोष्ट जरा बदलतो. समजा जहाज बुडालं नाही. ती फेरी आणि पुढच्या अनेक फेऱ्या सुखरूप झाल्या. आता मालकाचा दोष कमी झाला का?

क्लिफर्डचं उत्तर आहे, तसूभरही नाही. कृती केली त्या क्षणीच ती बरोबर किंवा चूक ठरली. पुढे काय झालं ही नशिबाची गोष्ट. तो निर्दोष ठरत नाही, फक्त पकडला जात नाही.

सरांनी मला नेमकं हेच विचारलं होतं. 'रिकामी होती का' हा त्यांचा प्रश्नच नव्हता. 'तुला कधी कळलं' हा होता.

पण क्लिफर्डशी माझं सगळं पटत नाही, आणि तुमचंही पटू नये असं वाटतं. आपण प्रत्यक्षात असे वागत नाही. गाडी चालवताना दोघेजण मोबाइल बघतात. एकाच्या समोर पोर येतं, दुसऱ्याच्या येत नाही. एकाला आपण मारेकरी म्हणतो, दुसऱ्याला फार तर बेफिकीर. कायदाही असाच भेद करतो. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने इतरांचा जीव धोक्यात घातला आणि कुणाला इजा झाली नाही, तर शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने. त्याच निष्काळजीपणाने माणूस मेला, तर पाच वर्षांपर्यंत. हात तोच, बेफिकिरी तीच. मधलं अंतर नशिबाचं.

1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी याच कोड्यावर लिहिलं आणि त्याला 'नैतिक नशीब' असं नाव पडलं. माणसाचा न्याय त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरून करावा असं आपण म्हणतो, आणि करतो मात्र त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून. यातून सुटायची वाट त्या दोघांनाही सापडली नाही.

मला वाटतं, रेंजची नियमावली हे त्या कोड्याला माणसाने दिलेलं एक छोटं, व्यवहारी उत्तर आहे. पिवळ्या पट्ट्याच्या आतल्या जागेपुरतं आपण नशिबाला न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठवतो. इथे निकाल कृतीवर लागेल. पेलेट सुटलं की नाही, कुणाला लागलं की नाही, यासाठी आम्ही थांबणार नाही. कारण ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एअर रायफलचं पेलेट दहा मीटर जायला सेकंदाचा दहावा भागही घेत नाही, आणि डोळ्यात गेलं तर तो डोळा गेला. सुटलेल्या शब्दाची निदान माफी मागता येते.

*

आता एक कबुली. त्या दिवशी मला जो राग आला होता तो शिक्षेचा नव्हता. तो नंतर आला. पहिला राग आला तो मामांचा.

एरवी मामा मला "ताई, जरा पाय उचला" म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी "अहो-जाहो". त्या माणसाने सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडावं? केर काढणाऱ्या माणसाला रायफलमधलं काय कळतं? हे मी तेव्हा तोंडाने बोलले नाही. मनात मात्र स्पष्ट शब्दांत आलं होतं, आणि आज लिहितानाही कान तापतात.

आमच्या रेंजच्या भिंतीवर लिहिलेलं होतं : 'स्टॉप कुणीही म्हणू शकतो. ऐकल्यावर सगळ्यांनी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.' यातला 'कुणीही' हा शब्द मी वर्षभर रोज वाचत होते, पण त्यात मामा येतात हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. विचार करून बघा, आपल्या रोजच्या जगात अशी किती ठिकाणं आहेत? दहा वर्षांच्या पोराने "थांबा" म्हटलं आणि राष्ट्रीय पदकविजेत्याने मुकाट थांबावं, आधी थांबावं आणि मग "का रे?" विचारावं, असं ठिकाण. घरात नाही, ऑफिसात नाही, देवळात तर नाहीच. आपल्याकडे 'थांब' म्हणायचा अधिकार वय, पगार, आडनाव बघून मिळतो. नियमाने तो त्या गोडाऊनपुरता सगळ्यांना सारखा वाटून दिला होता. मी तो मोडला तेव्हा फक्त मैत्रिणीच्या सुरक्षिततेचा नियम मोडला असं मला वाटत होतं. मामांवर रागावले, तेव्हा त्याच पाटीवरचा दुसरा नियमही मोडला.

दुसरी गोष्ट विश्वासाची. घरी रात्री आई गॅसचं बटण बघायला उठते. बाबा म्हणतात, "मी बंद केलंय म्हटलं ना." ती तरीही बघते. त्यावरून बाबांचा चेहरा पडतो. तपासणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान, असं आपण धरून चालतो. मैत्रीत, लग्नात, पैशाच्या व्यवहारात, सगळीकडे. "माझ्यावर विश्वास नाही का?" या एका वाक्याने किती तपासण्या व्हायच्या राहतात!

रेंजवर एकाने दुसऱ्याच्या हातात रायफल द्यायची तर देणारा आधी ती उघडून दाखवतो. घेणाऱ्याने ते डोळ्यांनी बघितलेलं असतं, तरी हातात आल्यावर तो पुन्हा उघडून बघतो. कुणाचाही चेहरा पडत नाही. कारण ही शंका व्यक्तीवर नाही. सरांच्या हातातून आली तरी बघायची, भावाच्या हातातून आली तरी बघायची. सगळ्यांवर सारखीच घेतली जाते म्हणून ती शंका कुणालाच बोचत नाही. मला तर वाटतं, या पद्धतीने आमची मैत्री वाचवली. नियम नसता तर त्या दिवशी मैत्रिणीला ठरवावं लागलं असतं की हिच्यावर यापुढे विश्वास ठेवायचा की नाही. नियम होता, म्हणून तिला तसलं काही ठरवावं लागलं नाही. ती त्याच संध्याकाळी माझ्या घरी आली आणि माझ्या बाजूने सरांवर चिडली.

ती सरांनाही म्हणाली होती, "सर, जाऊ द्या ना. माझी काही तक्रार नाही. मी माफ केलं तिला."

सर म्हणाले, "माफ तू केलंस ते बरं केलंस. ते तुझं काम. पण तुझ्या जागी उद्या दुसरं कुणी उभं असेल, त्याच्या वतीने तू कशी माफ करणार?"

*

तुम्ही म्हणाल, असं जगता येत नाही. प्रत्येक बंदूक भरलेली, प्रत्येक कुत्रा चावरा, प्रत्येक माणूस फसवा असं धरून चाललं तर घराबाहेर पडणं अवघड. मान्य. जगण्यातल्या बहुतेक गोष्टी आपण विश्वासावर करतो, आणि फसलो तर शिकतो. भाजीवाल्याकडून पैसे मोजून न घेणं मला आवडतं. रेंजचा नियम सगळ्या आयुष्याला लावणारा माणूस सावध नसतो, घाबरट असतो.

म्हणून प्रश्न हा की पिवळा पट्टा कुठे आखायचा. माझं उत्तर, जिथे चूक परत घेता येत नाही आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजायची असते, तिथे. दोन्ही अटी हव्यात. स्वतःच्या पैशाने शेअर घेऊन बुडालात तर तुमची मर्जी. पण गाडीचं स्टिअरिंग, पेशंटचं इंजेक्शन, लाइनमन खांबावर असताना खाली कुणाच्या तरी हाताशी असलेला स्विच, कुणाचा तरी फोटो फॉरवर्ड करणारं बोट, इथे 'मला माहीत आहे' पुरत नाही. उघडून बघावं लागतं. बघितलेलं असलं तरी पुन्हा.

*

हे सगळं इतकं नीट सांगता येतंय, कारण गेल्या वर्षी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

2024 च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्या गोडाऊनमध्ये पोरांची रांग लागली. सरांचं वय झालंय. शनिवार-रविवार मी जाते आणि कमांड देते. पोरांमध्ये एक तेरा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्यासारखा स्थिर हात मी आजवर पाहिलेला नाही. वडील टेम्पो चालवतात. रायफल क्लबचीच वापरतो.

निवड चाचणीच्या चार दिवस आधी, दोन मुली पुढे कार्ड लावत असताना, त्याने टेबलावरची रायफल उचलली. पट्टा सैल झाला होता, तो नीट करायला. नळी फारशी हललीही नाही. या वेळी "स्टॉप" मी म्हटलं. उघडून बघितलं.

"रिकामी होती, ताई," तो म्हणाला. तेच शब्द, आणि तोच चेहरा, ज्यात भीतीपेक्षा अन्याय झाल्याचं दुःख जास्त असतं.

संध्याकाळी वडील आले. भांडायला नाही. टेम्पोची किल्ली हातात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "म्याडम, तुम्ही म्हणाल ती शिक्षा द्या. फक्त चाचणी झाल्यावर द्या."

यात गैर काय होतं? चाचणी वर्षातून एकदा. पोराकडे दुसरी संधी विकत घेण्याएवढे पैसे नाहीत. चूक पट्ट्याची होती, उर्मटपणाची नव्हती. त्या रात्री मी झोपले नाही. एक गोष्ट मात्र मला तेव्हा वेगळी करून बघता आली. नियम आणि शिक्षा या दोन गोष्टी आहेत. नियमाला अपवाद नसतो, कारण अपवाद कधी करायचा हे ठरवणारं डोकं तेच, जे 'रिकामी आहे' म्हणत होतं. शिक्षेला मात्र डोळे असायला हवेत. ती समोरचं पोर बघून द्यायची असते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारायला गेले. ते काही बोलले नाहीत. कपाटातून घटनांची वही काढून दिली आणि माझं पान शोधायला सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची तारीख. माझं नाव, काय घडलं, सहा आठवडे. त्याच्याखाली दुसरी नोंद, त्याच तारखेची, त्याच अक्षरात : 'पुढे जा म्हणण्याआधी टेबल क्रमांक तीन तपासलं नाही. फोन घेतला. चूक माझी. सहा आठवडे कमांड देणार नाही.' खाली सही.

मला हे कधीच कळलं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत मी रेंजवर नव्हतेच. मैत्रीण म्हणाली होती की हल्ली कमांड दुसरेच कुणी देतात, पण मी रुसलेली होते, कारण विचारलं नाही.

मुलाला मी चाचणीला जाऊ दिलं नाही. जेमतेम आठवडाभराची बंदी, आणि त्यानंतर दोन आठवडे रायफलशिवाय माझ्या शेजारी उभं राहून टेबलं तपासायचं काम. सहा आठवडे मला जास्त वाटले. चाचणी मात्र त्या आठवड्यात येत होती आणि मी ती वगळली नाही. हे बरोबर केलं का, मला खात्रीने सांगता येत नाही. त्याच्या वडिलांना सांगताना माझा आवाज कापत होता. ते "बरं" म्हणाले आणि गेले. मुलगा परत आला. आता तो टेबलं माझ्यापेक्षा बारकाईने तपासतो आणि माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो. त्याचा राग मी समजू शकते. तो रास्त असेलही.

त्या दिवशीची नोंद मी वहीत लिहिली. त्याचं नाव, काय घडलं, किती दिवस. मग पेन तसाच धरून बसले. पट्टे दर शनिवारी सरावाआधी तपासायचे, हे काम कुणाचं होतं?

खाली आणखी एक ओळ लिहिली, आणि सही केली.